जळलेल्या अँप्लिफायरवरचा पुकारा

अंगात येणं, चकवा लागणं... माझ्यासमोर कोणी असलं काही काढलं की मी सरळ चप्पल घालून निघतो. आयुष्यभर लाऊडस्पीकरचा धंदा केला. आवाज कुठून निघतो अन् कुठवर जातो, हे मला कोणी शिकवायचं काम नाही. तरी लिहितोय, कारण एक दुपार मला अजून समजलेली नाही.

एकोणऐंशी-ऐंशीचं साल असेल. तुमसर तालुक्यात बपेऱ्याला दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा होती. बायको बाळंतपणाला माहेरी, साकोलीला. म्हणून सहा वर्षांची लेक सुमी माझ्यासोबत. दंडारीचं नाचगाणं रंगात आलं, मी आवाज जमवण्यात गुंतलो, अन् मागे पाहतो तर पोरगी नाही.

तासभर माइकवरून पुकारा केला. दुकानं, पाळणे, शाळा, सगळं पालथं घातलं. मग कोणीतरी म्हणालं, लाल फ्रॉकवाली पोरगी नदीच्या वाटेनं जाताना दिसली.  नदी तिथून कोसभर, अन् काठाशी खोल डोह. माणसं सायकली घेऊन पळाली. मीही निघालो, तर मंडईचे पुढारी सखारामजी यांनी हात धरला.

"तुमी कायले जाता? पोरगी तुमचा आवाज वळखते. भोंगे नदीकडं फिरवा."

माझे चार भोंगे, एकेक सोळा ओहमचा. दोन-दोन सिरीजमध्ये, मग त्या दोन जोड्या पॅरलल... की पुन्हा सोळाच भरतात अन् अँप्लिफायरच्या सोळाच्या टर्मिनलवर नीट बसतात. हे मी झोपेतही जोडलं असतं. पण त्या दिवशी भोंगे फिरवायला वायरी काढल्या अन् घाईत चारही सरळ पॅरलल जोडले. म्हणजे चार ओहम! वायर मात्र सोळावरच ठेवली, म्हणजे अँप्लिफायरवर चौपट भार. आवाज पूर्ण सोडला... दोन वेळा नाव घेतलं, तोच जळका वास आला, धूर निघाला अन् भोंगे मुके झाले.

माझ्याच हातानं मी माझ्या लेकरापर्यंत जाणारा आवाज बंद केला होता. मेलेल्या माइकवर डोकं टेकवून रडलो. "सुमे, पाण्यात जाऊ नको. हाय तिथंच बस," असं काहीबाही पुटपुटलो. "तुह्या मायले मी काय सांगू?" हे तर बाजूला बसलेल्या सखारामजींनाही ऐकू गेलं नाही.

अर्ध्या तासानं सायकलवाले तिला घेऊन आले. डोहाच्या अगदी काठावर, रेतीत मांडी घालून बसली होती म्हणे. पाय घोट्यापर्यंत ओले. मी तिला छातीशी धरलं, तर माझ्या कानाशी म्हणते,

"बाबा, मायले काही नको सांगजा. मी बसली ना तिथंच."

अँप्लिफायर उघडला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कोळसा झालेला. पुढच्या सालच्या मंडईत नव्या ट्रान्सफॉर्मरवर, जोडणी बरोबर करून, पूर्ण आवाजात बोलून पाहिलं. सखारामजींना त्याच रेतीवर उभं केलं होतं. परत येऊन म्हणाले, "मले तं पाण्याचाच आवाज आला, गड्या."

सुमी आता स्वतः आजी झाली आहे. तिला विचारावंसं फार वाटतं, पण विचारत नाही. "मला नाही आठवत" म्हणाली, तर मग मी कोणाला विचारू?