धागा जाळणारे नाना

नानांच्या खिशात कायम काडेपेटी असायची आणि नाना विडी ओढत नसत. नवा कपडा घातलेलं माणूस समोर आलं की त्यांची नजर आधी त्याच्या शर्टाच्या खालच्या शिवणीवर जायची. "जरा हिकडं या बरं," म्हणत ते शिवणीतून बोटभर धागा ओढून घ्यायचे, काडी लावायचे आणि विझल्यावर जे उरेल ते चिमटीत चुरडून बघायचे. राख झाली तर सुती, टणक काळा मणी उरला तर पॉलिस्टर. त्यांच्या जावयाने एकदा मोठ्या कौतुकाने 'शंभर टक्के सुती' शर्ट दाखवला. नानांनी भर पंगतीत मणी काढून त्याच्या तळहातावर ठेवला. तेव्हापासून जावईबापू सासुरवाडीला जुनेच कपडे घालून यायचे.

ही खोड त्यांना सोन्याने लावली होती. नाना विट्याकडचे, गलाईवाले. उभी हयात त्यांनी दूर तमिळ मुलखात सोनं वितळवून शुद्ध करून देण्यात घालवली. म्हातारपणी परत आले आणि माधवनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये टी-शर्ट छापायला लागले. छपाई सब्लिमेशनची. चित्र आधी कागदावर छापायचं, तो कागद टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली दाबायचा, की शाईची वाफ होऊन ती थेट पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. प्रेसला नाना भट्टीच म्हणत. "सोनं आधी पातळ हुतंय. ही शाई पातळबी हुईत न्हाई, सरळ वाफ! लय भारी काम हाय," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक घाईत असलं तर जरा जास्तच सावकाश ऐकवत.

मी कुंडलची सून. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं सोडून, मोबाईलवर व्हिडिओ बघून, हट्टाने प्रेस घेतली होती. पहिल्या टी-शर्टवर दिराचं नाव उलटं उमटलं. दुसऱ्यावर कागद सरकला आणि भाच्याला दोन नाकं आली. सासूबाईंनी प्रेसवर जुनी चादर टाकली. आमच्या घरात ज्या वस्तूवर ती चादर पडते ती पुन्हा उघडत नाही, शिलाई मशीनचं तेच झालं होतं. चादर पक्की व्हायच्या आत काम शिकायला हवं होतं. म्हणून मी माधवनगरची वाट धरली.

"नाव उलटं आलं म्हणून रडतीस व्हय?" नाना म्हणाले. "सोन्यावर मारायच्या शिक्क्यावर अक्षर उलटंच असतंय. कागदावर उलटं छापलंस की कापडावर सुलटं येतंय. चल, आत ये." आत घेतलं, पण पहिला आठवडा त्यांनी मला प्रेसला हात लावू दिला नाही. हातात दिला एक मऊ केसांचा ब्रश. गलाईच्या दुकानात सोन्याची धूळ गोळा करायचा तो ब्रश त्यांनी जपून आणला होता. आता त्याने ते टी-शर्टवरची बारीक तूस झाडत. एवढासा तंतू कागदाखाली राहिला तर पांढऱ्या कपड्यावर निळा डाग उमटतो. मी झाडायचे, ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि पुन्हा झाडायला लावायचे. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शाबासकी हा शब्द नानांच्या तोंडात नव्हता. काम बिघडलं की "न्हाई" आणि जमलं की "चालंल". शेजारच्या शेडमधला वेल्डर सांगायचा, की नातू झाल्याचा फोन आला तेव्हाही नाना "चालंल" म्हणाले होते. मला मात्र तो 'चालंल' हवाच होता. आणि तो सहज मिळणारा नव्हता. जो धागा ते जगाचा जाळायचे, तो माझ्या प्रत्येक टी-शर्टचाही जाळायचे. मी स्वतः जाळून बघितला आहे असं सांगितलं तरी पुन्हा जाळायचे.

पहिली मोठी ऑर्डर आमच्याच गावातली. शेजारच्या आप्पांचा मुलगा फौजेतून निवृत्त होऊन येणार होता. वेशीपासून मिरवणूक आणि भावकीच्या चाळीस जणांच्या छातीवर त्याचा वर्दीतला फोटो. टी-शर्ट आप्पांनी स्वतःच सांगलीहून आणले, ग्रामदैवताच्या पायाशी ठेवले आणि गठ्ठ्याला हळदकुंकू लावून माझ्या हातात दिले. पोरगा धडधाकट घरी येतोय, त्याच्या स्वागताच्या कापडाला काडी लावायची? माझा हातच धजेना. कपडा चुरगाळून बघितला, पॉलिस्टरच वाटला. घरच्या प्रेसवरची चादर तेवढ्यापुरती सारून चाळीसच्या चाळीस छापून काढले. रंग जरासे फिके आले, पण मी मनाची समजूत घातली.

त्यातला एक ऐटीत नानांना दाखवायला नेला. नानांनी शिवणीतून धागा ओढला, काडी लावली. अर्धी राख, अर्धा मणी. सुताची भेसळ होती, आणि सुतात ही शाई टिकत नाही. त्यांनी टी-शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवून चोळला. फौजी भाऊंचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पुसट झाला. मिरवणूक तीन दिवसांवर होती. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

"जाळला न्हवतास?" त्यांनी विचारलं. मी हळदकुंकवाचं सांगितलं. मला वाटलं आता तोंडसुख घेतील. ते ब्रश हातात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "मंगळसूत्राचं सोनंबी म्या जाळूनच बघितलंय पोरी. खोटं निघाल्यालं गळ्यात घालण्यापरीस ते बरं." त्यांनी फळीवरून कबड्डीच्या पोरांसाठी आणलेले चाळीस कोरे टी-शर्ट काढले आणि पोरांना फोन करून चार दिवस थांबायला सांगितलं. अट एकच, काय झालं ते मी स्वतः आप्पांना सांगायचं.

मी जाऊन सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यांदा हसले. "अगं, माझं पोरगं एवढी वर्सं दारूगोळ्याच्या वासात ऱ्हायलं. तुझ्या एका काडीनं त्याला काय हुणार हुतं?" पुढचे दोन दिवस मी आणि नाना प्रेससमोर होतो. मिरवणुकीत फौजी भाऊ उघड्या जीपमध्ये आणि मागे चाळीस छात्यांवर तेच लख्ख. नाना कडेला उभे राहून बघत होते. "चालंल," ते म्हणाले. मी घरी गेले तर सासूबाई प्रेसवरची चादर काढून घडी घालत होत्या. तो धुतलेला पुसट टी-शर्ट मी आजही माझ्या दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे.

गेल्या वर्षी नानांचे गुडघे बोलायला लागले आणि मुलाने त्यांना तिकडे दक्षिणेत बोलावून घेतलं. शेड रिकामी झाली, ब्रश माझ्याकडे आला. मिरज स्टेशनवर पोचवायला गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी एक टी-शर्ट छापून नेला होता. पांढऱ्यावर गडद निळ्यात एकच शब्द, 'चालंल'. नाना शिवणीला धागा शोधणार हे मला ठाऊक होतं, म्हणून पर्समध्ये काडेपेटी घेतली होती.

त्यांनी घडी उलगडली, चष्मा कपाळावर चढवला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग फलाटावरच, अंगातल्या शर्टावरून, टी-शर्ट डोक्यातून घातला.

"आवं नाना, धागा?"

"तुझ्या हातचा हाय न्हवं?" ते म्हणाले आणि बाह्या नीट करत राहिले.

गाडी हलली. काडेपेटी पर्समधून बाहेर न निघताच घरी आली.