नॉर्बर्टने गप्प केलेला गट

आमच्या शेजारचा नॉर्बर्ट झास्ट्रो चीजच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याने अख्खा जिल्हा ऐकायला घेतला. स्वयंपाकघरात टोस्टरशेजारी त्याचा स्कॅनर, म्हणजे सरकारी खात्यांचं रेडिओवरचं बोलणं पकडणारी पेटी, दिवसभर बडबडत असतो. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात कुणाच्या धुराड्याने पेट घेतला, कुणाची गाय हमरस्त्यावर आली, हे नॉर्बर्टला घरमालकाच्या आणि गायमालकाच्या आधी कळतं.

पूर्वी ऐकणं सोपं होतं. पोलिसांची एक लहर, अग्निशमनवाल्यांची दुसरी. आता जिल्ह्याने सगळ्या खात्यांत मिळून मोजक्याच लहरी ठेवल्यात. ज्याला बोलायचं त्याला त्या क्षणी मोकळी असेल ती मिळते. प्रश्न एकीवर, उत्तर भलत्याच दुसरीवर. नॉर्बर्टचा स्कॅनर एकेका खात्याच्या गटाचा माग काढत लहरींवरून उड्या मारतो. स्वतः नॉर्बर्ट मात्र कॉफीपुरताच उठतो.

नको तो गट गप्प करायला स्कॅनरला एक बटण आहे. त्यावर नॉर्बर्टचा भारी जीव. कुत्री पकडणारे गप्प, शाळेच्या बसवाले गप्प. बायको आर्लीनला असं बटण नाही, हे त्याचं जुनं दुःख.

त्याची मुलगी ट्रूडी त्या आठवड्यातच बर्फ काढणाऱ्या ट्रकवर लागली होती आणि लगेच मोठं हिमवादळ आलं. सकाळी मी त्यांचं जादाचं फावडं परत करायला गेलो, तर नॉर्बर्ट स्कॅनरला कान लावून बसलेला.

"सकाळपासून पोरीचा आवाज नाही रे," तो म्हणाला. "पोलीस बोलतायत, अँब्युलन्स बोलतेय, पण बर्फवाले चकार शब्द काढत नाहीत."

"फोन कर की."

"गाडी चालवताना ती उचलत नाही. मीच शिकवलंय!"

कपातली कॉफी गार झाली होती. नॉर्बर्टच्या बाबतीत हे लक्षण गंभीर.

आर्लीन पॅनकेक उलटता उलटता थांबली. "बर्फवाले गप्प? तिथे कचेरीत रेडिओवर अखंड बोलणारा हार्लन बसलेला असताना? नॉर्बर्ट, मागच्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याच्या रडगाण्याला कंटाळून तू काय केलं होतंस?"

नॉर्बर्टचा चेहरा बाहेरच्या अंगणासारखा पांढरा झाला. त्याने गप्प करायचं बटण पुन्हा दाबलं.

"...डॉक्टर म्हणतो, गुडघा बदलूनच घ्या..."

दुसऱ्याच्या गुडघेदुखीने इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नाही. मागोमाग ट्रूडीचा आवाज आला. "हार्लन, चर्चचा चढ झाला, आता आमच्याच रस्त्याला लागतेय. बाबा, ऐकतोयस ना? सकाळपासून प्रत्येक वळणावर तुला सांगतेय."

"बाई गं, तुझ्या बापाने आपल्याला कधीच गप्प केलं असणार," हार्लन म्हणाला. "त्याला माझा गुडघा सोसत नाही."

"ऐकत असेल तर दारातल्या दिव्याची उघडझाप करेल. कळेलच आता."

स्कॅनरला नुसते कान, तोंड नाही. नॉर्बर्ट सपाता घालूनच दाराकडे धावला आणि दिव्याचं बटण असं खटाखट दाबत सुटला, की बल्ब बिचारा गोंधळला. पांढऱ्या धुरळ्यातून नारिंगी दिवा उगवला. ट्रकने लांबलचक भोंगा दिला, आणि नॉर्बर्टने पहाटे उठून साफ केलेल्या वाटेच्या तोंडाशी कमरेइतका बर्फ लोटून तो पुढे गेला.

"घे, पोरीने भेट दिली," आर्लीन म्हणाली.

"पण काय सरळ रेषेत लोटलाय बघ!" नॉर्बर्टने डोळे पुसले आणि मी नुकतंच परत केलेलं फावडं उचललं.

आत हार्लन आता दुसऱ्या गुडघ्याकडे वळला होता. आर्लीनने बटणाकडे बोट नेलं.

"हात लावू नकोस!" नॉर्बर्ट दारातून ओरडला. "उलट आवाज वाढव. मला इथवर ऐकू आलं पाहिजे."