मारियामावशीचा कोकम सोडा

गोटी सोड्याच्या दुकानात इतके किस्से का साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. सोडा फोडला की गॅस नाकात चढतो, घाईने पिताच येत नाही. बाटली हातात धरून थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस बोलतोच. मी, तावडे आणि बापट, आम्ही तिघं अंधेरीला मरोळच्या एका छोट्या कारखान्यात होतो. तावडे लेथवर, बापट ड्रॉइंग ऑफिसात, मी स्टोअरमध्ये. बासष्ट ते सत्तर सालातली गोष्ट. पाचला सुटलो की तिघंही डॉमनिककाकाच्या अंगणात. आता तिघांतला मी एकटाच उरलोय, म्हणजे मी काहीही ठोकून दिलं तरी मला अडवणारं कोणी नाही. तरी खरं तेच सांगतो.

काका मरोळ गावठाणातलाच, ख्रिश्चन, बोलायला आमच्याइतकाच मराठी. पुढच्या खोलीत सोडा भरायचं मशीन होतं, त्याचं हँडल काका फिरवायचा. मारियामावशी, म्हणजे त्याची बायको, आतल्या खोलीत दार लावून पाक करायची आणि पळीने एकेका बाटलीत घालायची. लेमन, रासबेरी काय, सगळेच सोडेवाले करायचे. कोकम सोडा फक्त मावशीचा. आंबटगोड, आणि घोट उतरल्यावर घशाशी जरासा तिखट. ते तिखट कशाचं हे तिने कोणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "पी गुमान."

*

बापट दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नसे. सोडा चालतो, कारण तो मशीनने भरलेला असतो, असं त्याचं शास्त्र! पण एकादशीला तोही बंद, कारण पाकात साधं मीठ. तो नुसता आमच्या बाटल्यांकडे बघत उभा राहायचा. दोन एकादश्या मावशीने हे पाहिलं. तिसऱ्या एकादशीला तिने वेगळी धुतलेली बाटली त्याच्या हातात दिली. "सैंधव घातलंय. पी." सैंधव ही वस्तू त्या बाईला कोणी सांगितली देव जाणे. पुढे सहा वर्षं तिच्या खिडकीतल्या क्रुसाशेजारी पंचांग टांगलेलं असायचं. आम्ही बापटला छळायचो, की तुझी एकादशी तुझ्या बायकोच्या आधी मावशीला कळते. बापट चिडायचा नाही. खरंच होतं ते.

*

अडुसष्ट साली मावशी गेली. दोन दिवसांचा ताप, बस. महिनाभर काकाचं दार बंद होतं. मग एका संध्याकाळी मशीनचा आवाज आला म्हणून आम्ही आत शिरलो. काकाने तीन कोकम सोडे फोडून आमच्या हातात दिले आणि समोर उभा राहिला. मी आणि बापट बाटलीकडे बघत पीत राहिलो. तावडे मालवणकडचा, त्याला गप्प बसता येत नाही. एक घोट घेऊन म्हणाला, "ह्यो मावशीचो न्हय."

मला वाटलं, काका आता याला हाकलणार. काकाने मान हलवली आणि म्हणाला, "मग कसा पाहिजे ते सांग."

तिथून ते सुरू झालं. काकाला मावशीचा सोडा परत करायचा होता. धंद्यासाठी म्हणाल तर नाही, लोक लेमन पिऊन खूश होते. त्याला तो हवा होता, एवढंच.

बापट म्हणाला, "अहो काका, तुम्हीच चाखून बघा ना. तुमच्याइतकी चव कोणाला माहीत असणार?"

तर काका म्हणाला, मी कधी प्यायलोच नाही.

आम्ही हसलो. खरंच हसलो हो, आज लाज वाटते. बावीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस बायकोचा सोडा प्यायलेला नाही! तो सांगायला लागला. ती रोज सकाळी पहिली बाटली त्याच्यापुढे धरायची. हा म्हणायचा, दिवसभर तेच बघतो, गिऱ्हाइकाला दे. ती न बोलता बाटली खोक्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत पुढे धरायची. बावीस वर्षं. हे सांगून झाल्यावर हसायला कोणी उरलं नव्हतं.

*

बापटने वही सुरू केली. आज जिरं जास्त, आज आलं, आज मिरी, असं इंजिनीअरच्या अक्षरात. तावडेने गावाहून आमसुलं मागवली. मिरचीच्या दिवशी आम्हा तिघांची वाट लागली, बापट तर दुसऱ्या दिवशी कामावरच आला नाही. गुळाच्या खेपेला पाक उतू गेला आणि फरशीवर मुंग्यांची जत्रा भरली. उत्तनहून मावशीची बहीण आली, ती म्हणाली की मारिया लहानपणापासून अशीच, मीठसुद्धा पदराआड घालायची. रोज पाचला आम्ही चाखायचो आणि रोज तावडे म्हणायचा, न्हय.

एकदा तावडे ओव्हरटाइमला होता. मी आणि बापटने ठरवलं, पुरे आता या माणसाचे हाल. घोट घेतला आणि सांगून टाकलं की जमलं, हाच. काकाचा चेहरा असा उजळला, काय सांगू. पण तो बाटलीला हात लावेना. म्हणे, तावड्याला येऊ दे. तावडे सातला आला, प्यायला आणि म्हणाला, न्हय. त्या दिवसापासून आमच्या दोघांच्या जिभेवर काकाचा विश्वास उडाला. आमच्याशी भांडला नाही. फक्त बाटली तावडेच्या हातात द्यायचा आणि त्याच्याच तोंडाकडे बघायचा.

*

आणि मग काका पाद्रीबाबांकडे गेला. मावशी दर शनिवारी कन्फेशनला, म्हणजे पाद्रीबाबांपुढे पापं कबूल करायला, जायची. काकाचं म्हणणं असं की एवढी मोठी गोष्ट नवऱ्यापासून लपवली, तर ती तिथे नक्कीच बोलली असेल. पाद्रीबाबा आधी रागावले, कन्फेशनमधलं बाहेर सांगायचं नसतं म्हणून. काका हलेचना. शेवटी ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉमनिक, कोकम हे काही पाप नाही रे."

हा किस्सा काकानेच आम्हाला सांगितला. सांगताना हसला, मावशी गेल्यानंतर पहिल्यांदा. मग म्हणाला, पापच असतं तर बरं झालं असतं.

*

सत्तर साली काकाची छाती बिघडली. हँडल फिरवलं की धाप लागायची. मुलगी वसईहून आली, सामान बांधलं, मशीन कोणाला तरी देऊन टाकलं. ते लोक दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला येणार होते. काका म्हणाला, आज शेवटची खेप.

त्या दिवशी दुपारी डब्याच्या सुट्टीत मी आणि बापटने तावडेचे अक्षरशः पाय धरले. आज तरी हो म्हण. तावडे चपातीचा तुकडा मोडत म्हणाला, "मी खोटां सांगूचंय नाय. ती चव तिची होती." आणि डबा तसाच बंद करून उठून गेला.

पाचला गेलो. काकाने चार बाटल्या भरल्या होत्या. एवढ्यानेच तो घामाघूम झाला होता, मुलगी मागे टॉवेल घेऊन उभी. मी घोट घेतला. नुसता आंबट. तिखटाचा पत्ता नाही, मावशीच्या सोड्याच्या जवळपासही नाही. मी मान खाली घातली. बापट तर दुसरीकडेच बघत होता.

तावडे एका दमात अख्खी बाटली प्यायला. गोटी वाजली. काका त्याच्या तोंडाकडे बघत होता. तावडेने बाहीने तोंड पुसलं.

"ह्योच तो," तो म्हणाला.

काकाने चौथी बाटली उचलली. ती त्याने स्वतःसाठी भरली होती. स्टुलावर बसला, अंगठ्याने गोटी आत दाबली आणि हळूहळू, मध्येमध्ये श्वास घेत, ती सगळी प्यायला. आम्ही तिघं उभे. संपल्यावर रिकामी बाटली मांडीवर ठेवून त्याने आमच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला हा रोज मिळायचा?"