रोह्याच्या मलिद्याला दहा पुरुष

खोपोलीचा घाट उतरताना मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसलो होतो आणि तो वळणांमुळे, असं मी रुबेनला सांगितलं. खरं कारण त्याच्या मोबाइलवर होतं. रोह्याच्या हन्नामावशीचा निरोप आला होता : "मलिद्याला दोघंही या. समोर बसून बोलायचं हाय."

त्या 'दोघंही'नं तीन दिवस माझी झोप उडवली होती. रुबेन आणि मी अकरा वर्षं पुण्यात एकत्र राहतो. मावशीच्या लेखी मी त्याचा खोलीवरचा मित्र. पण यंदा प्राइडच्या मिरवणुकीत आम्ही हातात हात घालून चाललो, कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत त्याच्या नातलगांच्या ग्रुपवर जाऊन पडला. कुणी एक अक्षर लिहिलं नाही. चार शिव्या आल्या असत्या तर निदान कळलं असतं कोण कुठं उभं आहे. त्या गप्प ग्रुपची मला दहशत बसली.

रुबेन बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. आईवडील गेले. भाऊ, मामा, चुलते एकेक करून इस्राएलला गेले. या देशात रक्ताचं माणूस उरलं ते ही मावशी. ती तुटली की सणाला जायला त्याला घर उरत नव्हतं. मावशीचा नातू तिकडं सैन्यात. युद्ध पेटलं तेव्हा तिनं नवस बोलला होता : पोरगा धडधाकट परत आला तर एलियाहू हनाबीच्या (आमच्याकडं देवाला बोलावं तसं हे लोक ज्याला नवस बोलतात त्या संदेष्ट्याच्या) नावानं दहा पुरुष बसवून मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करीन. दहाहून कमी यहुदी पुरुषांत त्यांची सामूहिक प्रार्थना होत नाही. पोरगा घरी आला. आता नवस फेडायचा होता.

पेणला रामवाडीच्या स्टँडवर उतरलो. मावशीनं दोन कामं सांगितली होती : पेणचे पोहे घ्या आणि समाजातल्या शालोमकाकांना बरोबर आणा.

पोह्यांच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कशाला पायजेत?"

"मलिद्याला," रुबेन म्हणाला.

"मंग पातल नका नेऊ, गोला व्हतो त्यांचा. हे न्या." बाई पोहे तोलता तोलता आमच्याकडं बघत होत्या. "दोघं भाऊ काय?"

"मित्र, मित्र," मी घाईघाईनं दोनदा म्हणालो. बाई हसल्या. रुबेन हसला नाही, पोह्यांची पिशवी उचलून माझ्याआधी पायरी उतरला.

शालोमकाका मशिदीजवळच्या आळीत राहतात (इथले जुने बेने इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात). मिठागरावर मुकादमी करून निवृत्त झालेला, ताठ पाठीचा म्हातारा. बायको वारल्यापासून एकटाच. दार अर्धं उघडून त्यांनी आधी रुबेनला पाहिलं, मग मला, मग आमच्या दोघांतल्या एकाच बॅगेला. आत या म्हणाले नाहीत.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "मी माजा येईन. नायतर नाय येनार."

दार लागलं. रुबेन त्या बंद दाराला "बरं काका" म्हणाला. मी म्हटलं, आपण इथूनच परत फिरू, मला ताप आल्याचं मावशीला कळवू. तो म्हणाला, "आणि मग पुढच्या वर्षी कुणाला ताप येणार?"

रोह्याच्या एसटीत वडखळला डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट सुटलेली माणसं चढली. शेजारच्या बाकावरच्या एकानं मोबाइल मोठ्यानं लावला. आधी स्फोट, मग बायकांचा आक्रोश. एक इमारत धुरात खाली बसत होती. त्याच्या मित्रानं वाकून विचारलं, "कुटलं गाव रे?"

"काय म्हाईत. तिकडलं."

मग तो आमच्याकडं वळला. "यांचं कदी थांबनार ओ? दोन्हीकडं लोकांची पोरंच मरतात."

"हो ना," रुबेन म्हणाला.

"तुमी कुटले?"

"इथलेच. रोह्याचे."

खोटं काही नव्हतं त्यात. त्याचे खापरपणजोबा इथं घाण्यावर तेल गाळत होते. तरी त्यानं शर्टाच्या आतल्या, यहुदी ताऱ्याच्या साखळीला हात लावून ती नीट झाकल्याचं मी पाहिलं. यापूर्वी या वाटेवर त्याला तसं करावं लागलं नव्हतं. एकाच माणसाला एकाच बसमध्ये दोन गोष्टी लपवाव्या लागताना पाहून मला रडू येईलसं झालं. नागोठणं मागं पडलं, दोन्ही बाजूंना पोटरीला आलेला भात होता, आणि मी तो नुसता बघत होतो.

मावशीचं कौलारू घर कुंडलिकेच्या पुलापासून पाच मिनिटांवर. ठेंगणी, गोल, कमरेला पदर खोचलेली बाई दारात आली. "आलात? पाय धुवा. पोहे दे हिकडं." बस्स. चेहऱ्यावरून काही कळेना.

ओसरीवर तिनं एका ताटात दहा किप्पे (डोक्यावरच्या छोट्या गोल टोप्या) मांडून ठेवले होते. स्वयंपाकघरात भिजलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची पडत होती. बाजूला केळी, खजूर, सफरचंदं आणि वासासाठी सब्जाच्या काड्या. मुंबईहून, अलिबागहून माणसं येऊ लागली. मी दाराशी उभा राहून बोटानं मोजू लागलो, "सहा, सात, आठ..." मावशीनं माझ्या बोटावर फटका मारला.

"माणसं मोजायची नाय रे! नजर लागते. टोप्या बघ."

म्हणून ती टोप्या मांडते. जो येईल तो एक उचलून घालतो; ताटात उरतात तेवढी माणसं यायची बाकी. मी गुपचूप टोप्या बघू लागलो. रुबेननं आपली घातली आणि ताटात एक उरली. माझ्यासारख्या परधर्मीयाला ती घालून उपयोग नव्हता. अर्धा तास सगळे त्या एका टोपीकडं बघत बसले.

शेवटी शालोमकाका आले. टोपीला त्यांनी हात लावला नाही. उंबऱ्याशीच थांबले आणि रुबेनकडं बोट करून म्हणाले, "हन्ना, ह्यो बसनार आसंल तर मी नाय बसायचा. फोटो सगल्यांनी बघितलाय."

आठ टोप्यांखालचे आठही चेहरे खाली गेले. रुबेननं टोपी काढायला हात वर नेला.

"ठेव डोक्यावर," मावशी म्हणाली. मग काकांकडं वळली. "तू गेलास तरी मोडतं, ह्यो गेला तरी मोडतं. पोरगा बंदुकीपुढनं जिता आला माजा. मी देवाला दहा पुरुष म्हनले व्हते, शालोम. दहा शालोमसारके नव्हते म्हनले."

कुणीतरी खोकून हसू दाबलं. काकांनी ताटाकडं पाहिलं. मग टोपी उचलली आणि रुबेनकडं पाठ करून बसले. प्रार्थना झाली. मलिदा वाटला गेला. काकांनी तो रुबेनच्या हातून घेतला नाही, मावशीच्या हातून घेतला, आणि पहिल्या गाडीनं पेणला निघून गेले.

मावशीनं आम्हाला मागच्या पडवीत बसवलं.

"मुलगी तिकडं बोलवते मला," ती म्हणाली. "मी नाय जानार. हितं मरीन. मातीला दहा पुरुष लागतील, त्यातला एक तू. म्हनून सांगते, असा उघड्यावर फिरू नको, बाला. कुनी धोंडा घातला डोक्यात तर? फोटो बघितल्यापासून मला झोप नाय."

म्हणजे ती सगळे दिवस आमच्याइतकीच भ्यालेली होती. रुबेन तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. फिरणार नाही, असं वचन मात्र त्यानं दिलं नाही. मावशीनंही पुन्हा मागितलं नाही. मला म्हणाली, "फोटोत तू दात काडतोस, ह्याचा चेहरा वाकडा. जेवला नव्हता काय?"

"ऊन होतं, मावशी," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये रुबेन खिडकीला टेकून झोपला. नागोठण्याच्या पुढं माझा फोन वाजला. शालोमकाका होते. नंबर मावशीकडून घेतला असणार.

"फुडल्या महिन्यात माज्या बायकोचं वरीस हाय," ते म्हणाले. "मशिदीत नवूच होतात."

"त्याला देऊ का फोन?"

"नको. तुमीच सांगा."

मी फोन ठेवायला गेलो.

"आनि तुमी पन या बरोबर," काका म्हणाले. "येवड्या लांबून येकटा कशाला येईल त्यो."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. काकांची आळी, ते अर्धं उघडणारं दार, या सगळ्याची मला अजून भीती वाटते, जाईन तेव्हाही वाटेल. रुबेनला मी लगेच उठवलं नाही. पेण येईपर्यंत, तो जागा झाल्यावर हे त्याला कसं सांगायचं, ते मनात घोळवत बसलो.