साडूला सापडलेला आवाज

माझ्या साडूने मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्याचं कौतुक करणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की माझा राग गेला. गेलेला नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लग्नाच्या बँडात, ऑर्केस्ट्रात, जयंतीच्या गाण्यांत वाजवणारे जेवढे म्हणून आहेत, त्या सगळ्यांचे कान एकत्र केले तरी माझ्या साडूच्या एका कानाची बरोबरी झाली नसती. आणि त्या सगळ्यांनी मिळून माझा जेवढा वेळ खाल्ला नसेल, तेवढा त्याने एकट्याने खाल्ला.

माझा अकोल्यात स्टुडिओ आहे. लाउडस्पीकर भाड्याने देण्यापासून सुरुवात केली, कोणापुढे हात पसरला नाही. माइकपासून भिंतीवरच्या फोमपर्यंत प्रत्येक वस्तू दुकानदाराला घाम फोडून घेतलेली आहे. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की गाणी करून घ्यायला मंडळांची रांग लागते. गायक माझे, रेकॉर्डिंग माझं; चाल आणि सगळा वाद्यमेळ मात्र साडूचा. तो अमरावतीला शाळेत मास्तर होता. सकाळची शाळा आटोपली की घरी येऊन कीबोर्डवर बसायचा आणि गाणं मिडी फाइलमध्ये बांधायचा. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिडी फाइलमध्ये कोणता स्वर, कधी, किती जोरात, किती वेळ, एवढंच लिहिलेलं असतं. आवाज तिच्यात नसतो. तो कॉम्प्युटरमधल्या वेगळ्या सॉफ्टवेअरने काढायचा असतो, त्याला सिंथ म्हणतात. फाइल तीच, पण सिंथ बदलला की गाणं बदलतं. बाजारात असे सिंथ ढिगाने आहेत, फुकटचे आणि विकतचेही. शहाणा माणूस त्यातला एक निवडतो आणि कामाला लागतो. माझा साडू वर्षानुवर्षं निवडतच राहिला.

त्याची निवडण्याची पद्धतही कोणाला सोसेल अशी नव्हती. सिंथ उपाशीपोटी ऐकायचा, कारण पोट भरलं की कान झोपतात. ऐकताना घरात काहीही वाजता कामा नये. भर मे महिन्यात, अमरावतीच्या उन्हाने पत्रे तडतडत असताना, तो दारं-खिडक्या लावून कूलर बंद करायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "अबे, जीव जाईन माणसाचा! चालू कर थो कूलर."

"कूलर पंचम लावून राहिला, साडूभाऊ," तो शांतपणे म्हणाला. "त्याच्यापुढं कोणताही सिंथ सुरातच वाटते."

सिंथच्या कंपन्यांनी ठेवलेली नावं त्याच्या लक्षात राहत नसत. म्हणून त्याने त्यांना नातेवाइकांची नावं दिली होती. उघडल्याबरोबर कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाऊन काहीच न करता बसणारा, तो जावई. पट्टी दाबल्यावर ज्याचा आवाज थोडा थांबून यायचा, तो मामा, कारण त्याचा सख्खा मामा प्रत्येक लग्नात अक्षता पडून गेल्यावर पोचायचा. फुकट मिळालेला आणि काढायला गेलं तरी न निघणारा, तो पाहुणा. एकाच्या पुढे 'साडूभाऊ' लिहिलेलं दिसलं तेव्हा मी विचारलं, "याले माह्यं नाव काहून?"

"आवाज दणक्यात आहे," तो म्हणाला, "पण मधातच तापून बंद पडते."

त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र माझ्या नावाच्या सिंथवर ढोलकी बसवत होता, हे मला नंतर कळलं.

सगळ्यात जास्त छळलं ते शहनाईने. या सिंथमध्ये पियानो दहा तऱ्हेचे असतात, पण शहनाई एखादीच, तीही कुठे तरी शेवटी. नवा सिंथ आला की तो आधी ती शोधून काढायचा, एक लांब सूर धरायचा आणि मान हलवायचा. "शहनाई नाही हे. बदकाले सर्दी झाली." मग मी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे दुपारभर घासाघीस करून एक भारी सिंथ आणला, वर हेडफोनही फुकट उपटला. साडूने तो थोडे दिवस वापरला आणि कॉम्प्युटरवरून काढून टाकला. मी अमरावतीला जाऊन त्याच्या ओट्यावर उभा राहून असा ओरडलो की शेजारचे लोक बाहेर आले. त्याने मला बसवलं, वरूडहून आलेली संत्री सोलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या, घसा बसला असंन. त्यातली बासरी चांगली आहे, पण वाजवणारा श्वासच नाही घेत. मेलेल्या माणसाची बासरी मी जयंतीच्या गाण्यात नाही लावत." संत्री गोड होती. त्यामुळे राग आणखी वाढला.

मागच्या वर्षी त्याने एक चाल बांधली. तशी चाल मी माझ्या स्टुडिओत कधी ऐकली नव्हती. फाइल त्याने पाठवली. मी ती माझ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर ती कॉम्प्युटरच्या स्वतःच्या फुकट आवाजात वाजली, जत्रेतल्या खेळण्यासारखी. धामणगावहून आलेला गायक हसला. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लगेच साडूला फोन लावला.

"कशात वाजवू हे?"

"अजून ठरलं नाही."

"मंग इतके दिवस तू काय करून राहिला?"

"आयकून राहिलो."

पण त्याच आठवड्यात त्याचा आपणहून फोन आला, आणि आवाजावरूनच मी ओळखलं. "साडूभाऊ, सापडला."

"कोणता? जावई का मामा?"

"दोघातिघांले एकत्र बसवलं. कोणाले पुढं, कोणाले मागं. आता शहनाई रडत नाही, बोलते."

"नावं सांग, मी इथं लावतो."

"नावं सांगून काय होते? समोर बसून आयका."

"फोनवर तरी आयकव!"

"फोनवर सूर येते, साडूभाऊ. आवाज नाही येत. रविवारी लॅपटॉप घेऊन येतो अकोल्याले."

सौदा रविवारचा ठरला. शुक्रवारी तो शाळेतून आला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे दुपारी आदरांजली वाहून उठून गेल्यावर मी त्याचा लॅपटॉप उघडला. सगळे नातेवाईक आत जागच्या जागी होते. फाइलही होती. पण त्यांपैकी कोणाला पुढे आणि कोणाला मागे बसवलं होतं, हे फाइल सांगत नाही. मिडीच ती, तिला आवाजाशी देणंघेणं नाही. आणि तो माणूस मांडामांड कधी जपून ठेवत नसे. ठेवली की कान आळशी होतात, असं त्याचं म्हणणं. तो आवाज ऐकलेलं एकच माणूस उरलं होतं, माझी मेहुणी. त्याने तिला सैपाकघरातून बोलावून ऐकवला होता.

ती येऊन बसली. कूलर तिनेच बंद केला. मी जावई लावला.

"हे नाही, भाऊजी."

मामा आणि पाहुणा एकत्र लावले. तिने डोळे मिटले. "असंच होतं... पण थोडं दुरून आल्यासारखं."

मी घुमारा वाढवला.

"आता लय दूर गेलं."

मी कमी केला, बदलला, माझ्या नावाचा सिंथ मध्ये घातला, काढला. ऊन भिंतीवरून उतरलं. आधी ती लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणत होती. मग विचार करायला लागली. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "थांबा, भाऊजी. तुमी जेवढं वाजवून राहिले, तेवढं माह्या कानातलं पुसून राहिलं. मले आता त्याइचं आठवतच नाही."

मी लॅपटॉप मिटला. त्यानंतर तो उघडलेला नाही. यंदाच्या जयंतीला मंडळाने तीच चाल मागितली आहे. त्यांचा फोन आला की मी म्हणतो, चाल तयार आहे, आणि ते खरंही आहे.

आयुष्यभर मी माल पाहिल्याशिवाय उठलो नाही, आणि समोरच्यालाही उठू दिलं नाही. हा मात्र रविवारचा वायदा करून शुक्रवारी उठून गेला, आणि जाताना त्याच्या बायकोच्या कानात जेवढं ठेवलं होतं, तेवढंही माझ्याच हातून पुसून गेलं. आमच्यात देव मानत नाहीत, त्यामुळे जाब विचारायला वर कोणी नाही. म्हणून तुलाच विचारतो, साडू. पुढे कोण होता आणि मागे कोण? फोनवर सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? सांग, मी ऐकतोय.