वैशूचा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्यासोबत पंधरा वर्षं खेळले त्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

मी विक्रोळीत मुलींचा कबड्डी संघ चालवते. नावाजलेल्या चढाईपटू आमच्या मंडळाला कधीच परवडल्या नाहीत. मग मी शक्कल लढवली — सतरा-अठरा वर्षांच्या, कुणाच्या नजरेत न आलेल्या पोरी शोधायच्या, चढाई त्यांच्यावर सोपवायची, पकडीला जुन्याजाणत्या बायका ठेवायच्या. पोरींना बूट आणि सामन्यानंतर मिसळपाव मिळाला की त्या खूश. लोक हसले. मग आम्ही जिंकायला लागलो आणि तेच लोक मला हुशार म्हणू लागले. हुशार? अहो, ती वैशू होती!

पार्कसाइटच्या चाळीतली, काटकुळी पोर. आई डबे करायची, घर त्यावरच चालायचं. घाटकोपरच्या एका सामन्यात आमच्यातली ती एकटीच उरली, समोर सहा जणी. तिघींनी तिला धरलं — एकीने घोटा, दोघींनी कंबर — आणि ही तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच ठेवून तिघींना फरफटत घेऊन आली, मध्यरेषेवर हात टेकवला. मी स्वतः एवढं खेळले, पण असलं काही पाहिलं नव्हतं. देवळात उभी राहते तशी उभी होते मी. आजही सांगताना — बघा, काटा येतोच अंगावर.

सामना संपला आणि एका कंपनीच्या संघाची निवडकर्ती माझ्याशेजारी येऊन बसली. जुनी मैत्रीण माझी. तिच्या संघात घेतलं की कायमची नोकरी. आणि आमच्यात एक रीत आहे — खेळाडूला दुखापत आहे का, ते तिच्या प्रशिक्षकाला विचारायचं. एक्स-रे वगैरे कुणी मागत नाही. प्रशिक्षकाचा शब्द तो शब्द.

वैशूच्या गुडघ्यावर नी-कॅप होती. नुसती सवयीची, माझीच जुनी.

"गुडघा कसा आहे गं तिचा? खरं सांग हां, नोकरीचा मामला आहे."

काय अवघड होतं? ठणठणीत — एवढा एक शब्द.

"लिगामेंट गेलंय यार," मी म्हणाले. "कशीबशी खेळवतेय."

ती हळहळली आणि दुसऱ्या संघातल्या एका मुलीकडे गेली.

संघासाठी केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. कसला संघ? ती चढाई मला माझ्याच मैदानावर, माझ्याच नावाने बघायची होती. तिच्या घरात पहिल्यांदाच पक्की नोकरी आली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ते होऊ दिलं नाही.

वैशू आणखी चार वर्षं आमच्याकडे खेळली. गुडघ्याची बातमी सगळीकडे पोहोचली असणार, कारण पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. आता ती मुलुंडला कपड्यांच्या दुकानात काम करते. पण त्या चार वर्षांत ती मला विचारायची, "ताई, माझं काही चुकतंय का? मलाच कसं कुणी बोलवत नाही?"

मी म्हणायचे, "मेहनत कमी पडतेय गं."

आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या तासभर आधी मैदानावर यायची.