टिटवीच्या अंड्यांची थाप

मी क्षमाशील माणूस नाही. कविता करतो, झाडापाखरांवर लिहितो, म्हणून हा मनानं मोठा असणार असं लोकांना वाटतं. वाटू द्यावं. एका माणसाविषयी मी मनात डूख धरला आणि सात महिने तो वेळच्या वेळी चारापाणी घालून पोसला.

तो माणूस म्हणजे आमचे सर, शहरातले ज्येष्ठ कवी. मी छावणीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि रविवारी उजाडता उजाडता स्कूटर काढून शेंद्र्याच्या पलीकडच्या माळावर जायचो. कारखान्यांच्या भिंती संपल्या की तिथं अजून गवत होतं. त्या गवतात एक म्हातारे मेंढपाळ भेटले. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते मला मास्तर. पाखरांचं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं मामांनी सांगितलेलं आहे. ऐकायचं, घरी यायचं आणि वहीत उतरवायचं. पहिल्या वर्षात दोनशे पानी वही भरली.

आपल्याकडे नवख्या लेखकाचं पुस्तक ज्येष्ठाच्या प्रस्तावनेवाचून निघत नाही. मुंडावळ्या बांधल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर जात नाही, तसंच ते. मी वही सरांच्या हातात दिली. आधी झेरॉक्स काढून ठेवावी एवढी अक्कल विज्ञानाच्या मास्तरला नव्हती. पुढची दोन वर्षं फोन केला की सर म्हणायचे, "वाचतोय. सावकाश वाचण्यासारखं आहे." मग म्हणाले, "घर बदलताना कुठं गेली कोण जाणे. सापडेल हो." मी वर दिवाळीला त्यांच्याकडे मिठाईचा पुडा घेऊन गेलो. तो पुडा आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

आणि एक दिवस सरांचं माळरानावरचं पुस्तक आलं. क्रांती चौकाजवळच्या दुकानात मी ते उभ्या उभ्या चाळलं. वाक्यं माझी होती. मधूनमधून एखादं विशेषण बदललेलं, तेही वाईट. मित्र म्हणाले, मोठा माणूस आहे, जाऊ दे. प्रकाशकानं पत्राला उत्तर दिलं नाही. बायकोनं तेवढा सरळ प्रश्न विचारला, "वही तुमची होती याला पुरावा काय?" पुरावा काहीच नव्हता. पुस्तक तर गेलंच होतं, आता मी ते लिहिलं होतं हेही जाणार होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पुस्तक नीट वाचायला घेतलं आणि टिटवीच्या पानाशी थांबलो. माणसाची चाहूल लागली की टिटवी आपली अंडी एकेक करून पायात धरून दुसरीकडे नेते, असं तिथं लिहिलं होतं. पुढे सर म्हणतात, पाझर तलावाच्या बांधाखाली हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी मोठ्यानं हसलो. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

टिटवी अंडी उचलत नाही. ती मामांची थाप होती. त्यांच्यात नव्या माणसाला पाखराच्या अंड्यांची खरी जागा सांगत नाहीत. पहिलं वर्ष सगळ्यांना थापाच. खरं सांगितलं की दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाले येतात, त्यांच्यामागून गावातली कुत्री येतात आणि अंडी राहत नाहीत. तिसऱ्या वर्षी मामांनी आपणहून कबूल केलं, "पहिल्या साली तुमाला लई फशिवलं, मास्तर. टिटवी कुठं अंडी उचलती व्हय?" आणि त्यांनी मला खरी जागा दाखवली. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची चार अंडी. भर उन्हात टिटवी पाण्यावर गेली, पोटाची पिसं भिजवून आली आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. ते मी दुसऱ्या वहीत लिहिलं. सरांकडे पहिली होती. ही दुरुस्ती सांगायला मी त्यांना तेव्हाच फोन केला होता, दोनदा. त्यांनी उचलला नाही.

सात महिन्यांनी सरांच्या पुस्तकावर वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम ठरला, रविवारी सकाळी. मी मामांकडे गेलो. ते म्हणाले, "तिथं मला काय बोलता येतंय?" मी म्हटलं, एकच विचारायचं. मेंढरं सुनेच्या हवाली करून, धुतलेलं धोतर नेसून आणि पागोटं बांधून मामा माझ्या स्कूटरवर मागे बसले. सभागृहात आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मामा उठले. "सायेब, टिटवीनं अंडी नेली ते तुमी सोता पाहिलं, का कुनी सांगितलं?"

सर प्रेमळ हसले. "बाबा, मी न पाहिलेलं लिहीत नाही. दहा हातांवरून पाहिलंय."

"मंग नवल हाय," मामा म्हणाले. "टिटवी अंडं उचलत नाय. ही थाप म्या या मास्तरला मारली व्हती, पहिल्या साली. ती तुमाला कशी दिसली?"

मागच्या रांगेतून एक जण हसला आणि ते हसू पुढे सरकत आलं. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. निवेदिकेनं घाईघाईनं आभार मानले. सर माझ्याकडे बघत होते आणि मी नजर हलवली नाही. मला झालेला आनंद चांगल्या माणसाला शोभणारा नव्हता. पण तो भरपूर होता आणि मी तो घोट घोट घेतला.

परत जाताना सिग्नलला मामा मागून म्हणाले, "मास्तर, एक इचारू? तुमच्या वहीत काय लिवलं व्हतं? मामानं सांगितलं, का म्या पाहिलं?"

सिग्नल सुटायला अजून वेळ होता. "मी पाहिलं, असंच लिहिलं होतं," मी म्हणालो.

"व्हय का," मामा म्हणाले. "मंग त्यानं बरुबर उतरवलं की."

सिग्नल सुटला आणि मी स्कूटर शेंद्र्याकडे काढली. मामा वाघुरीची जाळी लावलेल्या शेताजवळ उतरले आणि आतल्या मेंढरांकडे निघून गेले. रागावले होते का, ते कळलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला नेहमीसारखा चहा दिला.

यंदा माझं पुस्तक निघालं, प्रस्तावनेशिवाय. पहिली प्रत मामांना दिली. दुसरी सरांना रजिस्टर पोस्टानं पाठवली, टिटवीच्या पानात खुणेची चिठ्ठी घालून. त्या पानावर लिहिलं आहे, 'टिटवी अंडी उचलून नेते हे मी पाहिलं नाही. एका मेंढपाळानं मला फसवायला तसं सांगितलं आणि मी ते पाहिल्यासारखं लिहिलं.' हे वाक्य लिहिताना माझी मान खाली गेली. पण सर हे वाक्य उतरवून घेऊ शकणार नाहीत.